पाच माशांसाठी पाऊण कोटीची होडी

अमेरिकेला पाहुणे म्हणून गेलात की तुम्हाला काय दाखवायचं, हे जवळजवळ ठरलेलं असतं. नातेवाईक पूर्वेला असतील तर नायगारा आणि स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, पश्चिमेला असतील तर गोल्डन गेट आणि लास व्हेगास. पण तुमचं माणूस या दोन्ही टोकांपासून लांब, आर्कन्सॉ राज्याच्या वायव्य कोपऱ्यात राहत असेल तर? (स्पेलिंगमध्ये अख्खं ‘कान्सास’ लपलेलं आहे, उच्चार मात्र आर्कन्सॉ. तिथे चुकीचा उच्चार केलात तर कुणी रागावत नाही, फक्त हसतात.)

या कोपऱ्यात बेंटनव्हिल नावाचं शहर आहे. वॉलमार्टचं मुख्यालय तिथलं. त्यामुळे संगणक क्षेत्रातली भारतीय मंडळी तिथे बरीच आहेत आणि किराणा दुकानात शेंगदाण्याचं पाकीट उचलताना मागून मराठी कानावर पडणं ही काही नवलाची गोष्ट नाही. माझा मावसभाऊ, म्हणजे दादा, वहिनी आणि त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा तिथे राहतात. मी एप्रिलमध्ये तीन आठवडे त्यांच्याकडे होते. डोंगर, झरे, डॉगवूडची पांढरी फुलं, सगळं पाहिलं. पण तुम्हाला सांगायचं आहे ते वेगळंच. शनिवारी पहाटे रस्त्यावर दिसतं ते.

पहाटे पाच वाजता मोठमोठे पिकअप ट्रक एकामागून एक निघतात आणि प्रत्येकाच्या मागे ट्रेलरवर एक बोट असते. लांबट, बुटकी, पाण्यावर जेमतेम हातभर उंच दिसेल अशी. रंग असा की आपल्याकडच्या लग्नातल्या बँडवाल्यांच्या कोटाची आठवण व्हावी. लाल, निळा, जांभळा आणि त्यात बारीक चमकी मिसळलेली. मागच्या बाजूला एखाद्या कपाटाएवढं इंजिन. ही ‘बास बोट’.

बास हा गोड्या पाण्यातला मासा. चपळ, भांडखोर, आमिषावर तुटून पडणारा. तो पकडायला म्हणून अमेरिकेत खास बोटीचा एक अख्खा प्रकार तयार झाला. बोटीच्या पुढच्या भागात सपाट चौथरा असतो, त्यावर उभं राहून गळ टाकायचा. नाकावर विजेची एक छोटी मोटर असते, ती पायाने चालवायची, म्हणजे हात गळाला मोकळे आणि आवाजही नाही. आत एक टाकी असते, तिच्यात पंपाने हवा खेळवतात, म्हणजे पकडलेला मासा जिवंत राहतो. आणि मागचं ते मोठं इंजिन कशासाठी? तलावाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात लवकर पोचायला. २५० हॉर्सपॉवरची बोट ताशी ७० मैलांच्या, म्हणजे ११० किलोमीटरच्या आसपास जाते. पाण्यावर!

आता खरी गंमत. हे मासे खात नाहीत. स्पर्धेत दिवसअखेर सर्वांत मोठे पाच मासे तराजूवर घालायचे, वजन लिहून घ्यायचं आणि परत तलावात सोडून द्यायचे. मासा मेला तर उलट वजनातून दंड कापतात. हे मी आईला फोनवर सांगितलं. आमच्याकडे रविवारी सुरमईचा भाव ऐकून बाबांचा चेहरा पडतो, त्यामुळे तिचा विश्वास बसेना. “अगं, मग एवढी धडपड कशाला करतात?” एवढंच ती म्हणाली.

धडपडीचा आकडा ऐका. फायबरग्लासची वीस-एकवीस फुटी नवी बास बोट, २५० हॉर्सपॉवरचं इंजिन आणि ट्रेलर धरून, आज ९० हजार डॉलरच्या आसपास जाते. वरच्या दर्जाच्या, सगळी उपकरणं लावलेल्या बोटी एक लाखाच्या पुढे सहज जातात. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर ९० हजार म्हणजे साडेशहात्तर लाख रुपये. आणि घेणारे काही सगळे धनाढ्य नसतात. प्लंबर, शाळेतले शिक्षक, कारखान्यातले कामगार. म्हणूनच या किमतीची चर्चा तिथल्या हॉटेलांमध्ये, पेट्रोल पंपांवर, चर्चच्या अंगणात चालते, आपल्याकडे घराच्या किमतीची चालते तशी.

जिथून हे सुरू झालं

बेंटनव्हिलपासून अर्ध्या तासावर बीव्हर लेक आहे. व्हाइट रिव्हर नदीवर १९६०च्या दशकात लष्कराच्या अभियंता विभागाने धरण बांधलं, त्याचं हे पाणी. ओझार्कच्या डोंगररांगांमधून ते इतक्या फाट्यांनी पसरलंय की नकाशात झाडाच्या मुळांसारखं दिसतं. कोयनेचं किंवा पानशेतचं पाणी डोंगरांच्या खोबणींमध्ये शिरलेलं तुम्ही पाहिलं असेल, तर अंदाज येईल.

याच तलावावर जून १९६७ मध्ये रे स्कॉट नावाच्या विमा एजंटने बास पकडण्याची मोठी स्पर्धा भरवली. शंभर डॉलर प्रवेश फी आणि शंभराहून थोडे जास्त स्पर्धक. त्याआधीही स्पर्धा होत, पण त्यात फसवाफसवी चाले. स्कॉटने नियम कडक केले, पुढे संघटना काढली, आणि १९७२ पासून मासे मारू नका, सोडून द्या, असा प्रचार सुरू केला. बोटीतली ती हवा खेळवणारी टाकी याच काळात आली.

बीव्हर लेकला गेलात तर काठावरच्या एखाद्या उतारावर सकाळी उभे राहा. उतार म्हणजे पाण्यात शिरणारा सिमेंटचा रस्ता. ट्रक मागे मागे घेत ट्रेलर पाण्यात बुडवायचा आणि बोट सोडायची. यात नवखे लोक घामाघूम होतात आणि जुने लोक कॉफीचा कप हातात धरून शांतपणे बघत राहतात. फुकटात याहून चांगली करमणूक मला तीन आठवड्यांत दुसरी मिळाली नाही. तुम्हाला स्वतःला गळ टाकायचा असेल तर सोळा वर्षांवरील प्रत्येकाला राज्याचं लायसन्स लागतं. बाहेरून आलेल्यांना थोड्या दिवसांचंही मिळतं. काठावरून टाका, बोट नसली तरी अडत नाही.

दुसऱ्या शनिवारी आम्ही पूर्वेला फ्लिपिनला गेलो. गाडीने अडीच-तीन तास, सगळा रस्ता वळणांचा. जेमतेम हजार-दीड हजार वस्तीचं हे गाव. जवळच बुल शोल्सचं धरण आहे, त्याचं लोकार्पण १९५२ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी केलं होतं. धरणाच्या तळाचं थंडगार पाणी खाली सोडतात, त्यामुळे खालच्या नदीत बास टिकेना, तिथे ट्राउट आणून सोडावे लागले. वर तलावात बास, खाली नदीत ट्राउट. एका भिंतीने माशांची वाटणी केली.

फ्लिपिनमध्ये फॉरेस्ट वुड नावाचा माणूस लोकांना व्हाइट रिव्हरवर मासेमारीला नेत असे. वाटाड्याच म्हणा ना. १९६८ मध्ये त्याने आणि त्याची बायको नीना यांनी ‘रेंजर’ नावाने बोटी बांधायला घेतल्या. पहिल्या वर्षी सहा. १९७१ मध्ये कारखाना जळून खाक झाला, तरी त्यांनी पुन्हा उभा केला. आज गावाच्या मानाने कारखाना प्रचंड वाटतो. बास बोटीच्या किमतीबद्दल तक्रार करणारे आणि त्याच बोटी बांधून पोट भरणारे इथे एकाच पंगतीत जेवतात. फॉरेस्ट वुड २०२० मध्ये गेले. शेवटपर्यंत काउबॉय हॅट घालणारा, गाई पाळणारा माणूस म्हणून लोक त्यांची आठवण काढतात.

२,९९५ डॉलरची गोष्ट

आर्कन्सॉच्या उत्तरेला मिझुरी राज्य लागतं. तिथल्या स्प्रिंगफील्डला ‘बास प्रो शॉप्स’चं मूळ दुकान आहे. दुकान कसलं, जत्राच! आत धबधबा, माशांच्या टाक्या, पेंढा भरलेली अस्वलं, आणि २०१७ पासून शेजारीच भलंमोठं मत्स्यालय आणि वन्यजीव संग्रहालय. मुलं बरोबर असतील तर अख्खा दिवस जातो. याची सुरुवात १९७२ मध्ये जॉनी मॉरिस या तरुणाने वडिलांच्या दारूच्या दुकानातल्या एका कोपऱ्यात गळ आणि आमिषं विकायला ठेवून केली होती.

१९७८ मध्ये मॉरिसने एक चाल खेळली. तोवर बोट एकीकडे, इंजिन दुसरीकडे, ट्रेलर तिसरीकडे घ्यावा लागे. त्याने ॲल्युमिनियमची ‘बास ट्रॅकर’ काढली आणि तिन्ही गोष्टी एकत्र, एकाच किमतीला विकल्या. २,९९५ डॉलर. घरी न्या आणि पाण्यात सोडा. साधा नोकरदार माणूस बास बोटीचा मालक झाला तो इथून. पुढे २०१५च्या सुमारास याच कंपनीने फ्लिपिनची रेंजरही विकत घेतली.

आता मी जरा हिशेब केला, तो तुम्हीही करून बघा. १९७८ चे २,९९५ डॉलर महागाई धरून आजचे साधारण १४ ते १५ हजार होतात. आणि आजही अगदी साधी, छोट्या इंजिनाची ॲल्युमिनियमची बोट ट्रेलरसकट १५-२० हजार डॉलरच्या आसपास मिळते. म्हणजे साधी बोट महाग झाली आहे, पण आभाळाला भिडलेली नाही. आभाळाला भिडली ती ‘चालेल’ या शब्दाची व्याख्या. पूर्वी पंधरा-सोळा फुटी बोट आणि ८०-१०० हॉर्सपॉवर म्हणजे खूप झालं असं वाटे. आज वीस फूट आणि २५०च्या खाली कुणी बघत नाही. मोठ्या स्पर्धांनी २५०ची कमाल मर्यादा घातली, तर बाजाराने तीच किमान करून टाकली!

बाकी कारणंही खरी आहेत. फायबरग्लासची राळ पेट्रोरसायनांपासून बनते. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये थंडीची लाट आली, कारखाने बंद पडले आणि राळेचा तुटवडा झाला. त्याच काळात करोनामुळे घरी बसलेल्या लोकांनी मोकळ्या हवेतल्या करमणुकीसाठी बोटी उचलल्या, माल कमी आणि गिऱ्हाईक जास्त. इंजिनांच्या चिप मिळेनात. २०१८ मध्ये आयात ॲल्युमिनियमवर १० टक्के कर आला, २०२५ मध्ये तो आधी २५ आणि मग ५० टक्के झाला. ॲल्युमिनियमची बोट ही गरिबाची बोट, आणि तिच्याच पत्र्यावर कर! करोनानंतर व्याजदर चढले ते वेगळेच.

शिवाय पडदे. पूर्वी बोटीत पाण्याची खोली दाखवणारं एक छोटं यंत्र असे. २०१८ मध्ये गार्मिन कंपनीने ‘लाइव्हस्कोप’ आणलं. ध्वनिलहरींच्या जोरावर समोरच्या पाण्यात मासा कुठे आहे, तुमच्या आमिषाकडे वळला की पाठ फिरवली, हे पडद्यावर चालू चित्रासारखं दिसतं. एकाने लावलं की दुसऱ्याला लावावंच लागतं. एक पडदा, मग दोन, मग चार. त्यांना वीज पुरवायला लिथियमच्या बॅटऱ्या. जागेवर बोट आपोआप धरून ठेवणारी जीपीएसची पुढची मोटर. हा नुसता सरंजामच काही हजारांवरून दहा-पंधरा हजार डॉलरवर जातो. एका पेन्शनर आजोबांनी मला उतारावर सांगितलं की, ते पडदा बघून मासे धरणाऱ्याला मासेमार म्हणत नाहीत, व्हिडिओ गेम खेळणारा म्हणतात. आजोबा जरा तिखट होते, पण २०२५ पासून मोठ्या स्पर्धांनीही या यंत्रावर बंधनं घालायला सुरुवात केली आहे.

वहिनीची वही

हे सगळं मी इतकं खोदून विचारत होते, कारण घरातच हा विषय पेटलेला होता. भाचा शाळेच्या मासेमारी संघात आहे. हो, तिथे शाळांचे असे संघ असतात! फुटबॉलसारखेच, टी-शर्टवर नाव छापलेले. दोन मुलांची एक जोडी असते आणि त्यांची बोट एका मोठ्या माणसाने चालवायची, त्याला ‘बोट कॅप्टन’ म्हणतात. अडचण अशी, की शाळा बोट देत नाही. ज्याच्या घरी बोट आहे त्याला जोडीदार लगेच मिळतो. ज्याच्या घरी नाही, तो कुणीतरी आपल्याला घेईल याची वाट बघतो. भाचा एक मोसम वाट बघत होता. तो तसं बोलला नाही. पण सोमवारी कोण कुणाबरोबर जाणार याची यादी लागे, तेव्हा घरी येऊन तो जेवताना गप्प असायचा.

दादाचं मन आधीच विरघळलं होतं. “आपल्या लहानपणी बॅट कुणाची, त्याची पहिली बॅटिंग, तसंच आहे हे,” तो म्हणाला. वहिनीने वही काढली. ती बँकेत काम करते, तिच्यापुढे कुणाचं चालत नाही.

तिने मांडलेला हिशेब असा. ९० हजारांची बोट, दहा हजार रोख, ८० हजारांचं कर्ज. बोटीला तिथे पंधरा-वीस वर्षांचं कर्ज सर्रास देतात, हप्ता छोटा दिसतो. ८ टक्क्यांनी पंधरा वर्षं धरली तर महिन्याला सुमारे ७६५ डॉलर. सगळं फिटेपर्यंत ८० हजारांचे १ लाख ३७ हजारांवर जातात. वर ट्रेलर, इंजिन, पेट्रोल मिळून दोन टनांच्या आसपास वजन ओढायचं, ते त्यांच्या छोट्या गाडीला जमणार नाही, म्हणजे पिकअप आला. आर्कन्सॉमध्ये ५० हॉर्सपॉवरच्या वरच्या बोटीला विमा सक्तीचा. काउंटीचा मालमत्ता कर दरवर्षी, त्यात गाडीसारखी बोटही मोजतात. कॉलनीच्या नियमात बोट अंगणात लावता येत नाही, म्हणून भाड्याची जागा. पूर्ण वेगाने हे इंजिन तासाला वीस गॅलनच्या घरात, म्हणजे पंचाहत्तर लिटर पेट्रोल पितं. गॅलनला ३ डॉलर धरले तरी तासाचे साठ. शिवाय टायर, बॅटरी, पंप, सर्व्हिसिंग.

“आणि हा चार वर्षांनी कॉलेजला जाणार,” वहिनी वही मिटत म्हणाली. “त्या फीचं काय करणार आहात?”

दादा काही बोलला नाही. भाच्याने मात्र विचारलं, “आई, मी बोट मागितली होती का?” आणि खरंच, त्याने मागितली नव्हती. दोन महिने घरातली मोठी माणसंच भांडत होती.

जुनी बोट का घेतली नाही, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं. पण करोनानंतर जुन्यांचे भावही चढले आणि पुरते उतरले नाहीत. दहा-बारा वर्षं जुनी फायबरची बोट तीस हजारांच्या आसपास मागतात, आणि इंजिन केव्हा हात वर करेल याची खात्री नाही. नवं २५०चं इंजिनच पंचवीस हजारांच्या पुढे. म्हणून हल्ली बरीच तरुण मंडळी कयाककडे वळली आहेत. वल्ह्याने किंवा पायाच्या पॅडलने चालणारी एका माणसाची होडी, काही शे डॉलरपासून दोन-चार हजारांपर्यंत, आणि ती गाडीच्या टपावर मावते. तिच्याही आता वेगळ्या स्पर्धा होतात. मला विचाराल तर तलावावर सगळ्यात आनंदी चेहरे या कयाकवाल्यांचेच दिसले. अर्थात त्यांनाही आता पडदे बसवायची हुक्की येते आहे, त्यामुळे हा आनंद किती वर्षं टिकेल कुणास ठाऊक.

मार्ग निघाला तो उतारावर. ते तिखट आजोबा आठवतात? त्यांच्याकडे सतरा फुटी ॲल्युमिनियमची बोट आहे, ६० हॉर्सपॉवरची, रंग उडालेली, एकच छोटा पडदा. त्यांचा नातू भाच्याच्याच शाळेत, तोही जोडीदाराविना. नातवाच्या बापाकडे नवी बोट होती, ती गेल्या वर्षी विकावी लागली. आजोबांची बोट कुणी मोजत नव्हतं, कारण स्पर्धेत ती सगळ्यात हळू. दादाने त्यांच्याशी बोलणं केलं. बोट आणि कॅप्टन आजोबांचे, पेट्रोल आणि डबा आमच्याकडून. वहिनीने डब्यात पराठे द्यायचं कबूल केलं. आजोबांना ते ‘मसाल्याची भाकरी’ म्हणून फार आवडतात.

मी परत आले त्यानंतर पहिली स्पर्धा झाली. सकाळी सगळ्या बोटी गर्जत तलावाच्या पार टोकाला गेल्या. यांची बोट तिथे पोचेपर्यंत निम्मी सकाळ गेली असती, म्हणून आजोबांनी उतारापासून हाकेच्या अंतरावरच, एका बुडालेल्या झाडापाशी नांगर टाकला. दोन्ही पोरांनी चार मासे धरले. पाचवा शेवटपर्यंत मिळाला नाही, नंबर मधेच कुठेतरी आला. पेट्रोल लागलं अकरा डॉलरचं, वहिनीने ते वहीत लिहून ठेवलंय.